अंबुजाक्कांचा लोणच्यावर फार विश्वास

अंबुजाक्का, मी इथवर कुणामुळे आलो असं कुणी विचारलं की मी आईवडिलांचं नाव घेतो, आणि ते खोटं नाही. उदगीरला गवंडीकाम करून त्यांनी मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. पण तो कागद घेऊन मी चेन्नईत उतरलो तेव्हा त्याचं पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. तुमचा तेरावा होऊन अजून आठवडाही झालेला नाही. घरात अजून पाहुण्यांच्या पिशव्या आहेत. आज नाव तुमचंच घ्यायचं आहे.

अंबत्तूरच्या कारखान्यात, जिथे जीवनसत्त्वांच्या गोळ्या होतात, तिथल्या प्रयोगशाळेत मी लागलो. माझं नाव बालाजी, त्यामुळे सगळे माझ्याशी सरळ तमिळमध्ये सुरू व्हायचे. मी नुसता मान हलवायचो. मानेचा होकार कुठला आणि नकार कुठला हेही इथे निराळं, म्हणून कधी जेवण दोनदा यायचं, कधी यायचंच नाही. शेवटी स्टोअरमधल्या एकाने सांगितलं, वेस्ट मांबलममध्ये एक राव बाई आहेत, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, त्यांच्या घरी तुमची भाषा बोलतात, गच्चीवर खोलीही आहे.

मी दारात उभा राहून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "कसाला उभा आहेस? आत ये, बस."

'कसाला' म्हणजे 'कशाला', हे कळायला मला जिना चढून वर जाईपर्यंतचा वेळ लागला. तुमची तंजावरची मराठी मला जुन्या बखरीतून कुणी उठून बोलावं तशी वाटायची, मधेच तमिळचा हेल आणि शेवटी 'सरि', म्हणजे 'बरं'. माझी मराठी तुम्हाला रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. पहिले काही महिने आपण दोघं एकमेकांच्या मराठीला हसत होतो. तुमच्या पिढ्यान्‌पिढ्या इकडे गेल्या, महाराष्ट्र तुम्ही एकदाच पाहिलात, तोही लग्नाच्या वऱ्हाडात. तरी मी नवखा आणि तुम्ही घरच्या, असं मला कधी वाटू दिलं नाहीत. उलट माझ्या आईचं पत्र आलं की तुम्ही ते मागून घ्यायचात आणि जपाच्या पुस्तकामुळे जेवढी देवनागरी येत होती तेवढ्यावर अक्षर अक्षर लावत वाचायचात.

इंग्रजीचं तर विचारूच नका. कारखान्यात बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की मी टाकीमागे लपायचो. तुम्हाला हे कळलं आणि त्याच संध्याकाळी शाळा भरली. तुम्ही स्वयंपाकघरात ट्रंक कॉल लावणार, मी बाहेरच्या खोलीत तो घेणार. तुम्ही कधी बंगलोरचे रागावलेले घाऊक व्यापारी व्हायचात, कधी कानाने कमी ऐकणारे डॉक्टर. मी अडखळलो की आतून आवाज यायचा, लाइन कट झाली, परत लावा. समोरच्या घरातले चारी मामा, चारी हे त्यांचं आडनाव, आणि त्यांच्या विजयम मामी दाराशी येऊन ऐकत उभे राहायचे. एकदा मामांनी मधेच हसून सांगितलं होतं, की बालाजीपेक्षा रागावलेला व्यापारीच चांगलं इंग्रजी बोलतोय. पण पुढच्या पावसाळ्यात खरा व्यापारी फोनवर तावातावाने बोलत होता, तेव्हा मला भीतीच वाटली नाही. माझ्या कानाला तो तुमच्यापेक्षा सौम्य वाटला. त्या फोननंतर मला कायम केलं.

सुनीताशी लग्न झाल्यावर आम्ही अंबत्तूरला घर घेतलं, कारखान्याजवळ. तुम्ही आम्हाला कुकर दिलात आणि बजावलंत, की रविवारी सकाळी फोन घ्यायचाच. ती तुमची पद्धत. तुमचा मुलगा रघू मेलबर्नहून करायचा, तो फोन शनिवारी, माझा रविवारी. तुम्ही आवाजावरून माणूस ओळखायचात. सुनीताला दिवस गेलेत हे तिच्या 'हॅलो'वरून तुम्ही मला आधी सांगितलंत, तेव्हा मी तुम्हाला वेड्यात काढलं होतं.

त्यामुळे तुमचा आवाज बसायला लागला तेव्हा तो मीच ओळखायला हवा होता आणि ओळखलाही. तुमच्या यजमानांना जाऊन बरेच दिवस झाले होते. फोनवर तुम्ही पूर्वी सगळ्या गल्लीची बातमी द्यायचात, ते कमी झालं. वाक्यं लहान झाली. "थकले रे," असं तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

आम्ही दोघं आलो त्या रविवारी तुम्ही दार उघडायला उठला नाहीत, विजयम मामींनी उघडलं. तुमच्या पोटऱ्यांवर निळे-काळे डाग होते. विचारल्यावर कपाटाला लागलं म्हणालात. इतक्या वेळा एकाच कपाटाला कसं लागतं, असं सुनीताने हळूच मला विचारलं. दात घासताना रक्त येत होतं, कवळी हिरडीला बसत नव्हती म्हणून ती ताटलीत काढून ठेवलेली होती. न्हाणीघरात पाय घसरून एकदा पडलाही होतात. डॉक्टरांना रक्ताच्या मोठ्या आजाराची शंका आली होती, तपासण्या चालू होत्या. आणि रघूने कोइंबतूरच्या वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. चांगली जागा होती, बाग होती, डॉक्टर होते, फोटोत सगळं हिरवंगार. तो महिन्याभरात येऊन तुम्हाला तिकडे पोचवणार आणि हे घर विकणार होता.

मला रघूचा राग आला नाही, अक्का, आजही नाही. तिकडे बसून पडद्यावर आईच्या पायावरचे डाग बघणाऱ्या मुलाने दुसरं काय करावं? पण तुम्ही त्या दिवशी कोइंबतूरबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करून लावलं होतंत. तेवढ्यावरून मला कळलं, की या घरातून जाणं तुम्हाला आजारापेक्षा जड जाणार आहे.

दुपारी मामींनी तुमचं ताट आणलं. दहीभात, आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची एक फोड. मी सहज विचारलं, सकाळी काय घेतलं? कॉफी आणि बिस्किट. रात्री? दहीभात. काल? दहीभात. भाजी, फळ? एकटीसाठी कोण चिरत बसणार, असं तुम्ही म्हणालात. पेरूच्या बिया कवळीत अडकतात, संत्र्याने छातीत जळजळतं, आणि आंबट फळांनी गुडघे धरतात हे कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं. सांबार मामींकडून यायचं ते दोन दिवस पुरवून पुरवून उकळायचं.

उदगीरच्या शाळेत आम्हाला एका गुणाचा प्रश्न असायचा, 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी कोणता रोग होतो? उत्तर, स्कर्व्ही. पुस्तकात जहाजाचं चित्र होतं आणि दात पडलेले खलाशी. मी तो गुण दर वर्षी मिळवला, आणि रोग जहाजावरच होतो अशी समजूत करून घेतली. पुढे नोकरीही त्याच जीवनसत्त्वाच्या गोळ्या तपासायची लागली, तरी त्या खलाशाला मी कधी जमिनीवर पाहिलं नव्हतं. त्या दुपारी तुमचे पाय, तुमच्या हिरड्या आणि तुमचं ताट एका रांगेत दिसलं.

मी चाचरत म्हटलं, अक्का, तुमच्या जेवणात सी व्हिटॅमिन कमी पडतंय.

तेव्हा तुम्ही किती दिवसांनी ताठ बसलात. "रोज लिंबू खाते की रे मी," तुम्ही म्हणालात. "माझ्या हातचं लिंबू. तुझ्या कारखान्यात तरी असलं सी आहे का?"

चारी मामांनीही तुमचीच बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, आंबट ते सगळं सी. चिंचेच्या रसम्‌वर वाढलेल्या माणसाला सीचा तोटा कसा पडेल? या प्रश्नावर मी हसलो, पण खरं सांगतो, आपल्याकडची ही चूक फार गोड आहे. चिंचेने, लोणच्याने, ताकाने जिभेला पाणी सुटतं आणि आपण समजतो पथ्य झालं. जीभ आंबटपणा ओळखते, जीवनसत्त्व ओळखत नाही.

पुढच्या तपासणीला मी तुमच्याबरोबर आलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि मी गोळ्यांच्या कारखान्यातला माणूस. त्यांना काही सुचवायचं म्हणजे माझी बोबडी वळली होती. मी फक्त तुमच्या जेवणाचं सांगितलं, सकाळ, दुपार, रात्र. त्या लिहिता लिहिता थांबल्या. बॅटरी घेऊन पुन्हा हिरड्या पाहिल्या, पायाच्या केसांभोवतीचे बारीक लाल ठिपके पाहिले. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, की म्हाताऱ्या माणसांना आम्ही सगळं विचारतो, काय जेवता तेवढं विचारायचं राहतं. बाकीच्या तपासण्या त्यांनी सोडल्या नाहीत, त्या पुऱ्या करायलाच हव्यात असं बजावलं. पण जीवनसत्त्वासाठी रक्त वेगळं पाठवलं आणि गोळी त्याच दिवशी सुरू केली.

मला वाटलं होतं मोठ्यात मोठी गोळी देतील. त्यांनी बेताची दिली, काही आठवड्यांसाठीच, आणि माझ्याकडे बघून सांगितलं की कारखान्यातून पिशवी भरून आणू नका. वयाने मूत्रपिंडं थकलेली असतात. शरीर हे जीवनसत्त्व साठवून ठेवत नाही, लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं लघवीवाटे टाकतं. फार घेतलं तर पोट बिघडतं, आणि ज्याला मुतखड्याचा त्रास आहे त्याला तो वाढू शकतो. गोळीने खड्डा बुजवायचा, रोजची वाट जेवणानेच चालायची, असं त्यांनी तमिळमध्ये तुम्हाला समजावलं. तुम्ही ऐकलंत. गोळी घेतलीत. पण लोणच्याचा अपमान तुम्ही विसरला नाहीत.

म्हणून तो रविवार आला. आपल्या सगळ्या वर्षांतला मला सर्वांत आवडलेला रविवार.

मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणलं. तुमच्या भाताची कंजी, म्हणजे वरचं पिठूळ पाणी, पाण्यात पातळ करून ओळीने काचेच्या पेल्यांत ओतली आणि प्रत्येकात आयोडीनचे थेंब टाकले. पाणी गडद निळं झालं. मामी म्हणाल्या, अय्यो, हे तर कपड्याच्या निळीसारखं. मी सांगितलं, की ज्या रसात सी असेल तो हा निळा रंग घालवील. आमच्या प्रयोगशाळेत हेच काम नीट मापून करतात. घरातलं हे ढोबळ आहे, पण खोटं नाही.

पहिला नेल्लिकाय, आपला आवळा. मामींनी किसून पिळला. थेंब पडले न पडले आणि पेला स्वच्छ झाला, जणू कुणी दिवा लावला. ताजं लिंबू पिळलं, त्यानेही निळं घालवलं, जरा जास्त थेंब लागले. पेरूचा गर पाण्यात कुस्करून गाळला, तोही पास. मग चिंचेचं पाणी. चारी मामा खुर्ची पुढे ओढून बसले. निळं तसंच. आणखी टाका, मामा म्हणाले. टाकलं. जरा मळकट झालं, पण निळं काही हटेना. मामा चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले.

शेवटी तुमचं लोणचं. तुम्ही स्वतः बरणीतून खार काढून दिलात, तेल बाजूला करून, फडक्यातून गाळून. थेंब पडला. हळदीने पाणी थोडं हिरवट झालं. दुसरा, तिसरा, मग चमचाभर. हिरवटाच्या आत निळं बसून राहिलं होतं.

तुम्ही पेला उचलून खिडकीशी धरलात. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटणार, आईच्या हाताची कृती होती ती. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि मग असं हसायला लागलात की कवळी पुन्हा काढून ठेवावी लागली. उन्हात महिनाभर वाळवलं, मीठ घातलं, फोडणी दिली. त्यात जे जगेल ते सी नव्हे, भूत असेल, असं तुम्ही मामींना सांगितलंत. त्यानंतरही लोणचं तुमच्या ताटात राहिलं, चवीसाठी. शेजारी एक ताजी फोड पिळायला आली.

त्या दिवसानंतर तुम्ही गल्लीच्या परीक्षक झालात. शेवग्याच्या पाल्यापासून दुकानातल्या संत्र्याच्या पावडरीपर्यंत ज्याचं त्याचं पाणी तुमच्या पेल्यांतून गेलं. कोथिंबीर पास झाली तेव्हा फुकट मिळणाऱ्या जुडीला तुम्ही हात जोडलेत. उकळलेलं सांबार नापास झालं, तेव्हा मामी दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. मग त्याच आल्या, आणि पुढची गोष्ट ठरली: दुपारचं जेवण तुमच्या घरी, एकत्र. भात तुमचा, भाजी त्यांची, आणि एक ताजं कच्चं काहीतरी चारी मामांनी चिरायचं. मामांना त्याआधी घरात कुणी सुरी दिली नव्हती.

चारी मामांवरून आठवलं. तुमचं बघून ते गुपचूप सकाळ-संध्याकाळ मोठी गोळी घ्यायला लागले होते, सर्दी होऊ नये म्हणून. तुम्हाला ते खोकल्याच्या आवाजावरून नाही, औषधवाल्याच्या फोनवरून कळलं. तुम्ही जुन्या एक्स्चेंजच्या आवाजात त्यांना फोन लावलात, दोन घरांमध्ये एक जिना असताना, आणि त्यांना पूर्वी झालेल्या मुतखड्याची आठवण करून दिलीत. डॉक्टरांना न विचारता एकही गोळी घ्यायची नाही, लाइन चालू आहे, होय म्हणा. मामांनी होय म्हटलं. सर्दी त्यांना दर डिसेंबरात होतेच, त्या वर्षीही झाली.

आणि आपलं ते भांडण, अक्का. ते कुठे मिटलं? मी आमची नवी बाटली दाखवायला आणली होती, संत्र्याच्या चवीची, चघळायची. तुम्ही वेष्टणावरचं चित्र बघितलंत. आई, बाप, दोन मुलं समुद्रावर धावतायत. तुम्ही विचारलंत, हे तर आधीच धावतायत, यांना कसाला हवी गोळी? हवी होती ती माझ्यासारख्या खुर्चीत बसलेल्या म्हातारीला, तिचं चित्र का नाही? मी म्हटलं, म्हातारीचं चित्र बघून कोण घेईल. मग पेपरमिंटसारखी गोड कसाला केली, पोरं मूठभर खातील, हा दुसरा प्रश्न. मी म्हटलं, कडू केली तर ज्यांना खरंच लागते तेही घेणार नाहीत. तुम्ही म्हणालात, ज्याला खरंच लागते तो कडूही घेतो. मी म्हटलं, तुम्ही कुठे संत्रं घेत होता? यावर तुम्ही 'सरि' म्हणालात, पण ते हार मानल्याचं 'सरि' नव्हतं. मी तुमचं म्हणणं साहेबांपर्यंत नेलं. मुलांना सहज न उघडणारं झाकण आणि 'डॉक्टरांच्या सल्ल्याने' ही ओळ जरा मोठ्या अक्षरांत, यावर विचार चालू आहे म्हणतात. चित्रातलं कुटुंब अजून धावतंच आहे. तुम्ही म्हणत होता ते बरोबर, की मी? मला खरंच माहीत नाही. आता वाद घालायला माणूस नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंनी बोलतो आणि माझी बाजू हल्ली वरचेवर हरते.

पण हे सगळं पुढचं. ज्या दिवसांत पेले निळ्याचे स्वच्छ होत होते, त्या दिवसांत रघूचं तिकीट काढलेलं होतं. गोळी सुरू झाल्यावर चारपाच दिवसांत तुमचा आवाज चढला, मला फोनवर तो फरक कळला. हिरड्यांचं रक्त थांबायला लागलं. डाग पिवळे पडू लागले. रक्ताचे बाकीचे निकाल चांगले आले, आणि जीवनसत्त्वाचा निकाल आला तो इतका कमी, की डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला शाबासकी दिल्यासारखं सांगितलं. तरी तुम्ही कॅलेंडर सुलटं केलं नव्हतंत. बरं वाटणं वेगळं आणि एकटं राहता येईल असा भरवसा वेगळा. एका संध्याकाळी तुम्ही मला फोनवर विचारलंत, मी इथे राहू का जाऊ? मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो, तर तुम्ही मधेच तोडलंत.

"फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो. मी आयुष्यभर ऐकलंय. तू लिहून पाठव."

मी लिहून पाठवलं. अंबत्तूरहून वेस्ट मांबलमला, तिकीट लावून, पोस्टाने.

रघू आला तेव्हा दार तुम्ही उघडलंत. त्याने बॅग खाली ठेवायच्या आधी त्याला पेल्यांसमोर बसवलंत, आणि मेलबर्नहून आईसाठी आणलेल्या त्याच्या महागड्या गोळ्यांची परीक्षा घेतलीत. त्या पास झाल्या, तुम्हाला जरा वाईट वाटलं. तो तीन आठवडे राहिला. रोज दुपारी पाच ताटं मांडली जात होती, कारण सुनीताही सुट्टी काढून यायची, आणि मी रविवारी सहावा. तो सगळं बघत होता. निघायच्या आधी त्याने कोइंबतूरचा विषय काढला, तेव्हा तुम्ही त्याच्या ताटात भात वाढत होता.

"रघू, मला म्हातारपण झालंय, ते काही जायचं नाही," तुम्ही म्हणालात. "पण आजारी पडले ती एकटी जेवून."

तो उठून मामींच्या घरी गेला, बराच वेळ तिथे बसला. परत आला तेव्हा त्याने कोइंबतूरला फोन लावला आणि तुम्ही, सवयीने, लाइन नीट लागली का ते ऐकत उभ्या राहिलात.

त्यानंतर तुम्ही या घरात किती हसलात, अक्का. माझी मुलगी तुमच्याकडून तमिळ शिकली, माझ्याकडून मराठी आणि दोघांचं मिसळून तिसरंच काहीतरी बोलते; 'कसाला' म्हणते आणि शाळेतल्या बाई मला बोलावून विचारतात. टी. नगरला साडी घ्यायला तुम्ही तिला घेऊन बसने गेलात, तेव्हा मी रागावलो होतो. तुम्ही गेलात त्या सकाळीही कॉफी झाली होती, मामांना काकडी कशी चिरायची याच्या सूचना देऊन झाल्या होत्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, तुमच्या स्वतःच्या घरात, तुम्ही डोळे मिटलेत. मामी म्हणतात, त्यांना वाटलं ऐकतायत. मी खूप रडलो. पण रडताना मधेच लोणच्याचं भूत आठवलं आणि हसूही आलं, स्मशानात, रघूशेजारी. त्यालाही तेच आठवलं असावं, कारण त्याने माझा हात दाबला.

तुम्हाला काय सांगायचं राहिलं? की त्या डॉक्टरांसमोर मी बोललो ते भीतभीतच. चुकलो असतो तर तुम्हाला खोटी आशा दाखवल्याचं पाप माझ्या माथी. की माझ्या शिक्षणाचा मला एवढा आनंद पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. शाळेत मिळवलेला तो एक गुण कुणाच्यातरी घरात कामी आला, हे मी उदगीरला वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग वाया नाही गेलं.

तेराव्याला रघूने मला ते पत्र दिलं. तुम्ही ते जपाच्या पुस्तकात ठेवलं होतंत. माझी मोठी मोठी अक्षरं, तुम्हाला लावायला सोपी जावीत म्हणून. तेच इथे उतरवतो.

तीर्थरूप अंबुजाक्का यांस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही लिहून मागितलंत म्हणून लिहितो. बरं वाटावं म्हणून काही लिहिणार नाही.

तुम्ही किती वर्षं जगाल ते मला माहीत नाही. पुन्हा पडणार नाही असंही सांगता येत नाही; न्हाणीघरात दांडी बसवावी लागेल आणि ती तुम्ही बसवू द्याल. कोइंबतूरची जागा वाईट नाही. तुम्हाला तिथे जावंसं वाटलं तर मी सामान बांधायला येईन आणि रडणार नाही.

पण भीतीने जाऊ नका. डाग पडले, रक्त आलं, ते ताट रिकामं होतं म्हणून. ते भरलं की थांबतं, आत्ता थांबतंय, तुम्हीच बघताय. हिरड्यांतून रक्त आलं म्हणून कुणी घर सोडत नाही, अक्का.

गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्या आणि सांगतील त्या दिवशी बंद करा. ती माझ्या कारखान्याची आहे म्हणून एकही जास्त घेऊ नका. खरं औषध मामींच्या ताटाशेजारी तुमचं ताट लागणं हेच आहे. हे राहणं जमलं तर त्यानेच जमेल, एकटीच्या दहीभाताने नाही. रघूला मी समजावणार नाही. तो आला की त्याला जेवायला वाढा, तो बघेल.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो, सुनीताही आहे. मांबलम स्टेशनबाहेरून पेरू आणतो, पिकलेले, तुम्हाला चावतील असे. तुम्ही आधी काही चिरून ठेवू नका. चिरलेलं फळ वाट बघत राहिलं की त्यातलं जीवनसत्त्व कमी होतं. आम्ही आल्यावर चिरू.

आपला,
बालाजी